पोटात काय हाय, धना?

धना, तुझा तो काळा रबरी सूट मी आज परत धुतला. काल धुतला होता, परवाही. आता त्यात ना मीठ उरलंय ना खाडीचा चिखल, तरी हात गप्प बसत नाहीत. बादलीत बुचकळते, उलटा करते, परत बुचकळते. आज तर पिळला. पिळायचा नसतो हे मला ठाऊक आहे, तूच शंभरदा ओरडला आहेस त्यावरून. अंगणात दोरीवर टाकलाय आणि तुझी नयना त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडतेय. ती म्हणते, काढून ठेवा ना ताई, बघवत नाही. आई म्हणते, राहू दे. मी दोघींचंही ऐकत नाही.

हे लिहायला बसल्यापासून चारदा उठले. एकदा गॅस बघून आले, तो बंदच होता. एकदा उगीच फाटकापर्यंत गेले. ऑफिसमध्ये माझं आयुष्य 'आपणांस कळविण्यात येते की' लिहिण्यात गेलं, आणि तुला काय कळवायचं तेच सुचत नाही. गावाच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकून कुणीतरी 'मनमिळाऊ' असं लिहिलं. मी वाचलं आणि त्या दुःखातही हसू आलं. मनमिळाऊ कसला रे तू. आडमुठा होतास. लहानपणी ताप आला तरी शाळेत जायचास आणि तिथे बाकावर झोपायचास. तेवढी एकच जागा होती जिथे तुला झोपलेलं मी पाहिलं. बाकी वेळ तू पायावरच.

आपल्या दिवाळे गावात मासे मारणारे घरोघर आहेत. पण पाठीवर हवेची टाकी बांधून खाडीच्या तळाशी उतरणारा आपल्या आळीत तू पहिला. कुणाच्या बोटीच्या पंख्यात जाळं गुंडाळलं, कुणाचा नांगर तुटून खाली राहिला, जेट्टीचे खांब तपासायचे झाले, की लोक तुझ्या नावाने हाक मारायचे. थंडीत पोरांना घेऊन कोकणात जायचास, रंगीत मासे दाखवायला. तिथलं पाणी काचेसारखं, तू म्हणायचास, आणि आपल्या खाडीत स्वतःचा हात दिसत नाही. पण काम खाडीतच. तिथे डोळ्यांचा उपयोग नाही म्हणून कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोरी सोड, तीन म्हणजे वर घे. रविवारी ऑफिसला सुट्टी, आणि मी बोटीत. लोकांच्या बहिणी भावाला राखी बांधतात, मी दोरी बांधते, असं तू सगळ्यांना सांगायचास आणि वर मलाच टाळी मागायचास.

एक नियम तू घातला होतास आणि त्याचा मला फार अभिमान होता. तो मोडलेला मी एकदाही पाहिला नाही, म्हणूनच आता डोकं भणभणतंय. मागे एकजण रात्रीची उतरली नसताना पाण्यात उतरला होता आणि थोडक्यात वाचला. तेव्हापासून टाकी, नळी, पट्टा सगळं एकमेकांचं तपासून झालं की तुझ्या बोटीत शेवटचा प्रश्न ठरलेला. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला मोठ्याने विचारायचं, "पोटात काय हाय?" आणि जोडीदाराने मोठ्याने सांगायचं. दारू असेल तर सांगायचं. गोळी घेतली असेल तर सांगायचं. ज्याचं काही असेल त्याने त्या दिवशी बोटीत बसायचं, आणि त्याला कुणी का म्हणून विचारायचं नाही, हसायचं नाही. शहरातली शिकलेली मंडळीही तुझ्यासमोर गुमान उत्तरं द्यायची. कोण म्हणायचं दोन भाकरी नि बोंबलाचं कालवण. कोण म्हणायचं बायकोच्या शिव्या. तू सगळं गंभीरपणे ऐकायचास.

तुझा जोडीदार सिद्धार्थ. नेरूळचा, त्याचे आईवडील मराठवाड्यातून आलेले, घरात सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नव्हता. तरण तलावावर तू त्याला पोहायला शिकवलंस आणि तो तुझ्या मागेच लागला. दादा म्हणतील ती पूर्व. जिमला जाणारा, हसतमुख, कष्टाळू माणूस. ताकदीच्या पावडरची ती हिरवी बाटली त्यानेच आणली. त्याच्या जिममधला कुणी विकत होता. वर पानांचं चित्र, उधळलेला घोडा, आणि ठळक अक्षरात 'शंभर टक्के नैसर्गिक'. खाडीचा चिखलही शंभर टक्के नैसर्गिक आहे, असं मी तेव्हाच म्हणाले होते. तू म्हणालास, तायची जीभ पन कडूच हाय, मग ती पन औषधी समजायची काय. सगळे हसले. मीही हसले.

तुला ती का लागायची हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. रात्रपाळी द्रोणागिरीच्या गोदामात, तिथे फोर्कलिफ्ट चालवायची. सकाळी घरी येऊन आंघोळ, आणि रविवारी थेट बोट. घराचं काम काढलं होतंस, वरचा मजला अर्धा उभा. चव्वेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही, पण विशीही नाही. आधी चहावर भागायचं, मग चहाने भागेना. त्या पावडरचे दोन चमचे पाण्यात हलवून प्यायलं की तुझे डोळे उघडायचे, हात झरझर चालायचे, बोलणं वाढायचं. गोडाऊनमधल्या पोरांना तू म्हणे सांगायचास, चहा सोडा, हे घ्या, यात काही केमिकल नाही.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आपलं भांडण झालं, आठवतंय ना. स्वयंपाकघरात. मी म्हटलं, धन्या, तू मुलांना काय शिकवतोस? दमलात की वर या. पाण्याखाली दम हाच आपला दोरीचा झटका, तो आला की ऐकायचं. आणि स्वतःचा झटका तूच दाबून टाकतोस. तू चपाती मोडत होतास. म्हणालास, "ताय, पाला हाय तो. पाल्यानं कोन मरतो?" मी म्हटलं, कण्हेर पण पालाच आहे. तू हसलास, ताट सरकवलंस, आणि घड्याळ बघितलंस. पाळीची वेळ झाली होती. म्हणालास, उद्या बोलू. तो उद्या आलाच नाही, म्हणजे आला, पण त्यात बोलायला वेळ नव्हता. मला अजून पुढची तीन वाक्यं तोंडात तयार आहेत. कुणावर टाकू ती?

थांब. आई हाक मारतेय.

काही नाही, तिला चष्मा सापडत नव्हता, डोक्यावरच होता.

तर तो रविवार. अष्टमीच्या आगेमागे खाडीच्या पाण्याला ओढ कमी असते, म्हणून खोल कामं तू तेव्हाच घ्यायचास. उरणच्या बाजूला एका बार्जचा नांगर काढायचा होता. तू रात्रपाळीवरून सरळ आलास. बोटीत सिद्धूने विचारलं, "दादा, पोटात काय?" तू म्हणालास, "चा नि खारी. नि रातचा तायचा जेवन." मग तू त्याला विचारलंस. तो म्हणाला, दोन इडल्या. हवेची टाकी ठीक, नळी ठीक, पट्टा ठीक. त्याच्या आधी जेमतेम तासभर, धक्क्यावर, तुम्ही दोघांनी एकाच डब्यातून ती पावडर हलवून प्यायली होती. डबा अजून ओला होता, बोटीतच लोळत होता. आणि तुम्ही दोघंही खोटं बोलला नाहीत. हेच मला झोपू देत नाही. खोटं बोलला असतात तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुमच्या हिशेबात ते काही घेतलेलं नव्हतंच. दारू नाही, गोळी नाही, जेवण नाही. पाला. आजीचा काढा कोणी पोटात मोजतो का, तसं.

तू उतरलास, मागोमाग सिद्धू. एक झटका आला, ठीक. मी दोरी सैल देत होते. मग तुझे बुडबुडे बघून बोट चालवणारा आपला नाखवा म्हणाला, आज धना लय हवा खातोय. मलाही वाटलं, एवढे दाट कशाला. आणि मग तीन. आयुष्यात तू मला तीन झटके दिले नव्हतेस. मी ओढलं, नाखव्याने ओढलं. वर आलास तो मुखवटा ओरबाडतच. खोकत होतास, तोंडाला फेस, लालसर. म्हटलं काय होतंय, तर म्हणालास, "काय नाय. जरा बसतो नि परत उतरतो." तेव्हासुद्धा. ओठ निळे पडलेत, श्वास आत जात नाही, आणि हा म्हणतोय परत उतरतो. सिद्धू खालून वर येईस्तोवर तू माझ्या मांडीवर आडवा झाला होतास. नाखव्याने बोट जेवढी पळते तेवढी पळवली. धक्क्यापर्यंत तू होतास. दवाखान्यात पोचलो तेव्हा नव्हतास.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, काही औषधं चालू होती का. मी लगेच म्हटलं, नाही, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही तो. बघ, माझ्याही तोंडून तेच आलं. मग त्यांनी वेगळं विचारलं. काही ताकदीचं, पावडर, काढा, जिमवाल्यांचं काही? सिद्धू भिंतीला टेकून उभा होता, अजून ओला. त्याने पिशवीकडे बघितलं. तेवढं पुरे झालं.

नंतर मी त्या बाईंकडे दोनदा गेले, हिरवी बाटली घेऊन. नक्की कशाने गेलास ते त्या ठामपणे सांगत नाहीत. हृदय म्हणतात, फुप्फुसात पाणी झालं म्हणतात, आधीपासून रक्तदाब वाढलेला असेलही, तू कधी तपासलास? एकट्या पावडरवर ठपका ठेवता येणार नाही असं त्यांनी मला दोन्ही वेळा सांगितलं. पण समजावलं नीट. माणूस पाण्यात उतरला की पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. हृदयाला तिथेच जादा काम पडतं. असल्या पावडरीत कसल्यातरी बियांचे अर्क असतात, त्यात चहाकॉफीतलंच उत्तेजक, पण फार दाट. त्याने ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. अंगातलं पाणी कमी होतं. श्वास भराभर चालतो, म्हणजे टाकीतली हवाही भराभर संपते. आणि थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. बाटलीवर नावं लिहिली होती, त्यातली थोडी मला ओळखू आली, बाकी 'विशेष मिश्रण'. किती, काय, ते नाही. त्या म्हणाल्या, कधीकधी अशा डब्यांत न छापलेलं रसायनही निघतं. आणि जे जमिनीवर चालून जातं ते पाण्याखाली चालेलच असं नाही, तिथे कुणी ते तपासून पाहिलेलं नसतं.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई मासे विकते, दाराशी टोपली होती. ती म्हणाली, "झारपाल्यानं मानूस मरतो काय गो?" अगदी तुझंच वाक्य. मला इतका राग आला की मी अंगणात जाऊन उभी राहिले. वरून विमान जात होतं, आता दिवसभर जातात ती, पूर्वी बगळे जायचे तितकी. कुणावर रागावले होते मी? आईवर नाही. तिने आपल्या दोघांना तुळस, आलं, गवती चहा पाजून वाढवलंय, आणि त्याने आपण वाढलोच. त्या कपाच्या आठवणीवरच ती घोडेवाली बाटली विकली जाते. तू फसलास तो तिथे. तू मूर्ख नव्हतास रे. मूर्ख असतास तर सोपं झालं असतं.

आता जे सांगायचंय त्यासाठी मी बसलेय खरं, आणि तिथेच पोचायला एवढा वेळ लागला. सिद्धू.

तुझं दहावं-बारावं झालं आणि तो टाक्या परत द्यायला आला. घामेजलेला, डोळे तारवटलेले. अंगणात उभ्या उभ्याच पिशवीतून डबा काढला, नळाचं पाणी घेतलं, पावडर टाकली, हलवली, आणि माझ्याकडे बघत प्यायला. मी बघतच राहिले. म्हणाला, "ताई, बघा. मी रोज घेतो. आता जास्तच घेतो. काय झालं मला? काय नाय झालं. मग?" त्या 'मग'ला उत्तर हवं होतं त्याला. मला वाटलं, थोबाडीत मारावी. दुसऱ्या क्षणी कळलं. तो हट्टाने पीत नव्हता. ती पावडर निर्दोष ठरली तरच ती आणणारा हात निर्दोष ठरणार होता. तो स्वतःच्या अंगावर पुरावा गोळा करत होता. आणि तो पुढच्या अष्टमीला पाण्यात उतरणार होता, तुझी अडलेली कामं पुरी करायला.

तेव्हापासून हे पाय थांबत नाहीत, धना. तुझ्यासाठी रडायलाही नीट बसले नाही मी. डॉक्टरबाई म्हणाल्या ते त्याला जसंच्या तसं सांगितलं, तर त्याला एवढंच ऐकू येणार की तू दादाला मारलंस. नाही सांगितलं तर तो बुडणार. नयनाने सुचवलं, तुम्ही दोरी धरणार नाही असं सांगा. म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या हातात दोरी देईल, जो बुडबुडेही मोजणार नाही. मी ऑफिसात चुकीच्या साहेबाला चुकीचं पत्र पाठवलं. घरी आल्यावर तुझा सूट धुवायला घेतला. त्याची सुरुवात अशी झाली.

कामही आलंच. सारसोळ्याच्या एका नाखव्याच्या पंख्यात जाळं गुंतलं होतं, बोट धक्क्याला अडकून पडली होती. सिद्धू आणि तुझा शिष्य राकेश उतरणार. सिद्धूने फोन केला, ताई, दोरीला तुम्ही याल ना. मी हो म्हटलं. आई दारात आली, अर्धी भाकरी कागदात बांधून दिली.

सकाळचं पाणी शांत होतं. पलीकडे कांदळवनाच्या कडेला चिखल उघडा पडला होता. दोघांनी टाक्या बांधल्या, एकमेकांच्या नळ्या बघितल्या, पट्टे ओढून बघितले. राकेशने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, थांबा. आज आधी मी सांगते. दोरी धरणारीला कुणी कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, "माझ्या पोटात आज चा हाय. आईची अर्धी भाकर हाय. झोप नाय. आनि राग हाय, धन्यावरचा. त्याच्या एकट्यावरचा. दुसऱ्या कोनावर माझा राग नाय. इचारायचा नियम त्यानंच केला, नि स्वताचा मोजायला त्योच इसरला. आता तू सांग, सिद्धू. सगला सांग. पाला पन सांग."

आपला नाखवा इंजिनाच्या पेटीवर बसला होता, तो खाली बघायला लागला. राकेश टाकीचा पट्टा उगाच घट्ट करत होता. सिद्धू पाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हा म्हणणार दोन इडल्या. तो तसं म्हणाला असता तर मी काय करणार होते, ते मला आजही माहीत नाही. बहुतेक दोरी पाण्यात फेकली असती.

"पावडर," तो म्हणाला. "सकाळी घेतली. छातीत धडधडतंय, ताई. चार दिवस धडधडतंय."

मग त्याने कमरेचा शिशाचा पट्टा सोडला आणि बोटीच्या तळाशी ठेवला. फेकला नाही, ठेवला. टाकी राकेशने उतरवली. का म्हणून कुणी विचारलं नाही, हसलं नाही. राकेश एकटा उतरणार नव्हता, तोही तुझाच नियम, म्हणजे काम राहिलं. सारसोळ्याच्या नाखव्याचे खाडे पडत होते, धक्क्यावरून त्याने कुरकुर करायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणाला, धनाचा नियम हाय तर हाय.

परत येताना सिद्धू माझ्याशेजारी बसला. मग इंजिनाच्या आवाजात माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, ताई, दादा त्या दिवशी मला खोटं नव्हते बोलले. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मी पण नव्हतो. मी म्हटलं, तूही नव्हतास. तेवढ्यावर तो जो रडायला लागला तो दिवाळ्याच्या धक्क्यापर्यंत. धक्क्यावर वाकट्या, बोंबील वाळत घालणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. धक्क्यावरून त्याला तसाच त्या डॉक्टरबाईंकडे नेला. त्यांनी छातीला पट्ट्या लावून तपासलं, पावडर बंद सांगितली, काही दिवस पाणीही बंद. दाब चढलेला निघाला. या वयात. त्याला कधी कळलंच नसतं.

फाटक वाजतंय. बघते.

तोच आलाय, धना. सिद्धूच. मी हे अर्धवट टाकून उठले होते. आता परत बसलेय, ओटीवरच, पाटावर.

पावडर सोडून त्याला आठवडा होत आला. डोकं दुखतं म्हणे, चिडचिड होते, दुपारी डोळे मिटतात, कामावर दोनदा बोलणी बसली. राकेशने तुझ्या तलावावरच्या पोरांना गोळा करून सगळं सांगितलं, आता तिथेही प्रश्न विचारताना पाला, चूर्ण, काढा, टॉनिक अशी नावं घेऊन विचारतात, म्हणजे कुणाला विसरायला जागा नको. हे सांगायला तो आला होता. दारातच उभा राहिला. आईने विचारलं, काय रं, असा का दिसतोस. तर तो म्हणाला, "आई, लय थकलोय."

बस, एवढंच म्हणाला. तुझ्या बाकड्यावर टेकला आणि बोलता बोलता मान कलली. चप्पल पण पायात तशीच. आईने उशी आणली, त्याचं डोकं उचलून खाली सरकवली, त्याला कळलंही नाही. नयना आत तांदूळ पाखडत होती, तिने सूप खाली ठेवलं. फोन वाजला त्याचा, मी बंद केला.

मी तुझी ताई. तू जन्मलास तेव्हापासून तुला ओळखते. तुझ्या शिव्या ऐकल्या, तुझी गाणी ऐकली, तुझ्या थापा तर अगणित. पण हा एक शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्या दिवशी बोटीत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, श्वास संपत आलेला असताना तू म्हणालास परत उतरतो. थकलो म्हणाला असतास, घरी, स्वयंपाकघरात, त्या शनिवारी, तर मी भांडण तिथेच सोडलं असतं. गोदामात फोन करून कळवलं असतं की आज येत नाही. आईने अशीच उशी आणली असती. वरचा मजला राहिला असता अर्धा, काय बिघडलं असतं.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. तो राग जाईल असं वाटत नाही, आणि जावा असंही वाटत नाही, कारण त्याच्या जोरावर मी त्या दिवशी बोटीत बोलू शकले. नियम तुझा होता म्हणून सिद्धू वाचला, हेही तुला सांगायला हवं. हे दोन्ही एकाच तोंडाने बोलायचं म्हणजे माझी पंचाईत होते.

सूट वाळलाय. सिद्धू उठला की त्याच्या हातानेच घडी घालून आत ठेवीन. आईने कोळंबी सोलायला घेतली आहे, त्याच्यापुरती जास्त. तोवर मी इथून उठणार नाही. त्याचा श्वास ऐकत बसलेय, सावकाश चाललाय, आणि माझी मूठ मिटलेली आहे, दोरी हातात असल्यासारखी.